तू खोललेलं रीळ

जयवंता,

तू खोललेलं रीळ टेबलावर जसंच्या तसं आहे, असं मी गोव्याच्या बोटवाल्या मिंगेलबाबना फोनवर दोनदा सांगितलं. ते खरं नव्हतं. रीळ टेबलावर होतं, पण जसंच्या तसं नव्हतं, आणि ते जोडायला माझा हात धजत नव्हता. तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. गेल्या आठवड्यापर्यंत रोज सकाळी मी शेडचं शटर वर करायचो, तुझ्या स्टुलाकडे न बघता माझ्या लेथकडे जायचो आणि दुपारपर्यंत उगाच कसली तरी बुशिंगं कातत बसायचो. तुझ्या टेबलावर मी वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. झाकलं की भीती कमी होईल असं वाटलं होतं.

भेटायला आलेले सगळे एकच म्हणत होते, सोपानराव, जोडीदार गेला, दुःख मोठं आहे. दुःख आहेच. पण दुःखाला चार माणसं भेटायला येतात, चहा करतात, पाठीवर हात ठेवतात. भीती घेऊन कुठं जायचं? साठी ओलांडलेला, चिखलीत जन्म गेलेला गडी मासे धरायच्या एका रिळाला घाबरून बसलाय, हे कुणाला सांगायची सोय आहे का? हसतील लोक. तू असतास तर तूही हसला असतास, आणि मग गप्प झाला असतास.

तसं आपल्या धंद्याला इथं कुणी कधी गंभीरपणे घेतलंच नाही. आजूबाजूच्या शेडमध्ये कंपन्यांचे पार्ट होतात, प्रेस धडधडतात, टेम्पो भरून माल चाकणला जातो, आणि मधेच आपण दोन म्हातारे दोन-दोन, तीन-तीन किलोची ती जुनी पितळी रिळं मांडीवर घेऊन बसलेले. शेजारचा वेल्डर पहिल्यांदा बघायला आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, एवढी मोठी पतंगाची चक्री कोण वापरतं? तू त्याला शांतपणे सांगितलंस, की ही भर समुद्रात वापरतात, माणसापेक्षा वजनदार मासा गळाला लागला की हिच्यावरची दोरी सुटत जाते आणि माणूस तिला ब्रेक लावत लावत माशाला दमवतो. त्यानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगितलं, पतंगाचीच आहे.

आणि समुद्र तरी कुठं होता इथं? इंद्रायणीत फेस आहे, मासा नाही. कंपनीतल्या टूलरूमला आपण शेजारी शेजारी होतो तेव्हा एका साहेबाला सुट्टीत अंदमानला मासे धरायला जायचा नाद होता. त्यानं वडिलांचं जाम झालेलं रीळ आणलं, कुणी हात लावेना, तू घरी नेलंस. आठ दिवसांनी ते असं फिरलं, की साहेब कानाला लावून आवाज ऐकत बसला. त्या साहेबानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कंपनी सुटल्यावर मी शेड बांधलं, अर्धं तुला दिलं, आणि पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला ओढल्या की गोव्यापासून पोर्ट ब्लेअरपर्यंतची जुनी रिळं पार्सलनं चिखलीला यायला लागली. आत मीठ साचून दगड झालेलं, स्क्रूवर हिरवा गंज, चामड्याच्या चकत्या कुजलेल्या. उघडलं की शेडभर खाऱ्या पाण्याचा वास यायचा आणि तू उठून खिडकी उघडायचास.

खिडकी का, हे मला कळायला फार वर्षं लागली. मला वाटायचं, मालवणकडचा माणूस, त्याला तो वास आवडत असणार. तू समुद्राला घाबरायचास. अठराव्या वर्षी गाव सोडलंस ते पुन्हा कधी होडीत पाय ठेवला नाहीस. मी एकदा तुझ्याबरोबर गावी आलो होतो, तेव्हा तू वाळूत समुद्राकडे पाठ करून बसला होतास आणि मी त्यावरून तुझी पुरती टर उडवली होती. तेव्हा तू काकांचं सांगितलंस. तू बारा वर्षांचा, काकांबरोबर होडीत, आणि गळाच्या दोरीचा फास काकांच्या मनगटाला बसला. गळाला मोठी मुशी लागली होती, शार्कच ती. काका तुझ्यासमोरून पाण्यात ओढले गेले, तुझ्या हाताला त्यांचा सदरा लागला होता. ते वाचले, लांब कुठं तरी वर आले, पण तो हात पुन्हा कामाला आला नाही. "मासो वायट नाय रे सोपान," तू म्हणालास, "अडाकलली दोरी वायट." मी त्यावरही काहीतरी फालतू बोललो होतो. आता आठवत नाही, बरं झालं.

तुझं सगळं काम त्या भीतीतून आलेलं होतं. पुठ्ठ्यावर रिळाचं चित्र काढायचं, भोकं पाडायची, आणि रिळातून निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचायचा. कारण ही जुनी रिळं हातानं केलेली, एका भोकाचा स्क्रू दुसऱ्या भोकाला नीट बसत नाही, बसला असं वाटतं आणि ओढ आली की सुटतो. ब्रेकच्या चकत्या एकीवर एक कशा होत्या त्या क्रमानं तेलात. आणि मग तो खटका. मी कंटाळायचो त्या खटक्याला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, मागं एक बारीक स्प्रिंग, काम काय तर हँडल उलटं फिरू द्यायचं नाही. तू ते तीन तीनदा बघायचास. मी म्हणायचो, एकदा बघितलं की झालं, कंपनीत आपण विमानाचे पार्ट केले तेव्हाही कुणी तीनदा बघितलं नव्हतं. तू म्हणायचास, "तुका भीती वाटणा नाय, म्हणान तू एकदाच बघतस." या वादाला शेवट नव्हता. परवा परवापर्यंत चालू होता.

तपासायची पद्धतही तुझीच. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कंपनीच्या जुन्या बसची सीट तू काँक्रीटमध्ये पक्की केलीस. बोटीवर गिऱ्हाईक जसं खुर्चीत बसतं आणि खांद्यावरून, कमरेवरून जाडजूड पट्ट्यानं रिळाला बांधलेलं असतं, तसं तू स्वतःला बांधून घ्यायचास. दोरीचं दुसरं टोक माझ्या टेम्पोला. मी गाडी पुढं काढायची, आधी हळू, मग जोरात, मग एकदम. ब्रेक अडकला तर दोरी सुटणार नाही आणि माणूस पट्ट्यासकट ओढला जाणार. बोटीवर असेल तर पाण्यात. ज्या पट्ट्यात दुसऱ्याला बसवायचं त्यात आधी आपण बसायचं, असं तुझं म्हणणं. मी आरशातून बघायचो, तुझे डोळे घट्ट मिटलेले असायचे.

आणि तो नियम. ज्यानं खोललं त्यानंच जोडायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मला तो तुझा हट्ट वाटायचा. तू म्हणायचास, खोलताना हाताला जे कळतं ते सांगता येत नाही, कुठला स्क्रू कुरकुरला, कुठली चकती जरा जास्त चिकटली होती. ते ज्याच्या हाताला कळलं त्यानंच परत बसवायचं.

त्या मंगळवारी तू मिंगेलबाबचं रीळ खोललंस, स्क्रू पुठ्ठ्यात खोचलेस, चकत्या तेलात घातल्यास आणि घरी जेवून येतो म्हणालास. मी मान वर करून बघितलंही नाही, त्या वेळी मी मशीनवर होतो. एवढंच. त्यानंतरचं सगळं दुसऱ्यांनी मला सांगितलं.

तेराव्याच्या आधी शुभांगी वहिनी शेडमध्ये आल्या. लोक येणार, तुझं टेबल बघणार, म्हणून त्यांनी झाडलोट केली. मी दुपारी आलो तर टेबल लख्ख. पुठ्ठ्यातले स्क्रू काढून त्यांनी चिंच-मीठ लावून देवाच्या उपकरण्यांसारखे घासले होते आणि स्टीलच्या डब्यात, मऊ फडक्यावर एकत्र ठेवले होते. बावीसच्या बावीस. पुठ्ठा फेकून दिला होता. चामड्याच्या चकत्या तेलातून काढून, साबणाच्या पाण्यात धुऊन, बाहेर पत्र्यावर वाळत घातल्या होत्या. त्यांचे पापड झाले होते. "त्यांचं शेवटचं काम हो भाऊजी," त्या म्हणाल्या, "कळकट कसं ठेवू?" माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी विचारलं, काही चुकलं का माझं. मी म्हणालो, काही नाही, उलट माझं काम वाचवलंत. हे खोटं बोलल्याचं मला काहीच वाटत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन.

दुसरं एक खोटं मात्र आहे, जयवंता, आणि आता कुणापाशी कबूल करायचं तर तुझ्यापाशीच.

अडीच वर्षांपूर्वी तुला डेंगी झाला ते आठव. तू तीन आठवडे झोपून होतास आणि तू खोललेलं पोर्ट ब्लेअरचं रीळ टेबलावर पडून. बोटीवाल्याचा रोज फोन, पर्यटक येऊन बसलेत म्हणून. तुला न विचारता मी ते एका दुपारी जोडून टाकलं. खटक्याच्या स्प्रिंगला तू निळा ठिपका दिला होतास, म्हणजे बदलायची. मी ती बोटानं दाबून बघितली, मला चांगली वाटली. नवी करायची तर तार आणायची, वळायची, तापवून पाणी द्यायचं, दोन दिवस गेले असते. तीच घातली. चार महिन्यांनी फोन आला. मोठा कुपा मासा गळाला लागलेला असताना खटका निसटला, हँडल गरागरा उलटं फिरलं आणि खलाशाची दोन बोटं मोडली. तू फोनवर हात ठेवलास आणि माझ्याकडे वळून एवढंच विचारलंस, "स्प्रिंग बदलललंस?" मी म्हणालो, "व्हय, बदलली की." तू फोन कानाला लावलास आणि म्हणालास, साब, गलती मेरी है.

तुझी नाही, माझी, असं म्हटलं असतं मी. अजून एक श्वास थांबला असतास तर म्हटलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

गेल्या आठवड्यात मिंगेलबाबचा फोन आला. दसऱ्यानंतर त्यांची बोट निघणार. रीळ त्यांच्या वडिलांचं, आणि या वेळी खुर्चीत त्यांची मुलगी बसणार आहे, आना, पहिल्यांदाच. पोरगी बारीक आहे, ते हसत म्हणाले, पण जिद्दीची. मी हो हो करत फोन ठेवला. रीळ तसंच परत पाठवावं, जमत नाही म्हणून सांगावं, असं मनात आलं. पण तसं पाठवलं असतं तर त्यांनी कुठल्यातरी मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये जोडून घेतलं असतं. तेव्हा वर्तमानपत्र काढलं आणि मी पहिल्यांदा तुझ्या स्टुलावर बसलो.

बावीस स्क्रू, बावीस भोकं. जो दोन बोटांनी, पेचकस न लावता, तळापर्यंत जातो तो त्या भोकाचा. एकेक लावून बघायचा, काढायचा. तीन दिवस लागले. पहिल्याच दिवशी एक स्क्रू हातातून निसटला, तो शोधायला मी टेबलाखाली हात घातला तर हाताला लोहचुंबक लागलं. तू बारीकसारीक वस्तू हरवू नयेत म्हणून खालून चिकटवलेलं. त्यावर स्क्रू नव्हता. एक स्प्रिंग होती, मधोमध तुटलेली, दोन तुकडे शेजारी शेजारी. उजेडात धरली. निळा ठिपका अजून दिसत होता.

म्हणजे ते रीळ मला न कळता तुझ्याकडे परत आलं होतं. तू ते उघडलं होतंस. दोन वर्षं तुला माहीत होतं. दोन वर्षं रोज त्या स्टुलावर बसून तुझी बोटं त्या तुकड्यांना लागत होती, आणि समोर मी, एकदा बघितलं की झालं म्हणून तुझ्याशी हुज्जत घालणारा. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त वाईट होती. या दोन वर्षांत तू कितीतरी वेळा त्या सीटवर पट्टा आवळून बसलास आणि टेम्पो मी चालवत होतो. हा माणूस खोटं बोलतो हे ठाऊक असताना. डोळे तेव्हाही मिटलेलेच होते. तू मला माफ केलं होतंस, की माझ्याशिवाय दुसरा ड्रायव्हर नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. तू बोलायला हवं होतंस रे. चार शिव्या द्यायला हव्या होत्यास. तुझ्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो, आणि त्याच वेळी वाटतं, तू बोलला असतास तर मी शेडमध्ये तुझ्यासमोर उभा राहू शकलो नसतो.

स्प्रिंग मी नवी केली. एक नाही, चार केल्या, तीन मोडेपर्यंत दाबून बघितल्या, चौथी राखीव ठेवली. पाचवी करून ती घातली. चामडं आणून चकत्या कापल्या, दोन दिवस तेलात मुरवल्या. स्क्रूंच्या खाचांत राहिलेली चिंच कोमट पाण्यानं धुऊन काढली. खटका किती वेळा बघितला ते मोजलं नाही. तुझा आकडा मागं पडला एवढं खरं. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर ती न बघितलेली पोरगी यायची, बारीक मनगटांची, आणि मी खटका पुन्हा बाहेर काढायचो. तुला हे रोज होत होतं? पंधरा वर्षं तू हे घेऊन कामाला येत होतास आणि मी तुला भित्रा म्हणत होतो. तुझे उपकार मानायचे तर याचे, की तुझी सगळी भीती तू माझ्या शेडमध्ये ठेवून गेलास. नसती तर मी हे रीळ एका दुपारी जोडून मोकळा झालो असतो.

तपासायला टेम्पो चालवायला कुणी नव्हतं. वहिनींना म्हटलं, तुमची स्कूटी आणा. त्या आल्या. मी दोरी स्कूटीला बांधली, सीटवर बसून पट्टा आवळला, तर त्या तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, हे असे बसायचे? तू घरी सांगितलंच नव्हतंस. मी म्हटलं, प्रत्येक वेळी. त्यांनी पदर खोचला आणि त्या गाडीवर बसल्या. आधी हळू, मग जोरात, मग मी सांगितलं तशी एकदम. दोरी खाडकन ताणली, खांद्याला हिसका बसला, आणि ब्रेक गुळगुळीत सुटत गेला, घरघर आवाज करत, हँडल जागच्या जागी. मी डोळे मिटून घेतले होते. सहा वेळा केलं. सहाव्यांदा वहिनी गाडी थांबवून रडल्या आणि मी पट्ट्यात अडकलेला असल्यामुळे त्यांच्याजवळ जाऊ शकलो नाही.

रीळ चालतं. पण स्कूटी म्हणजे मासा नव्हे, हे तूच म्हणाला असतास.

आज सकाळी मिंगेलबाबना फोन लावला, झालं म्हणून सांगायला. त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "शेवटचं जयवंतानंच जोडलं ना? सांग मला. त्यानं जोडलं असेल तर मी पोरीला डोळे झाकून बसवतो."

किती सोपं होतं बघ. एक व्हय म्हटलं की संपलं. त्यांच्या घरात तुझ्या हातचं शेवटचं रीळ म्हणून ते पूजेला लागलं असतं. वहिनींनाही बरं वाटलं असतं. आणि उद्या समुद्रात काही झालं असतं तर पुन्हा एकदा चूक तुझी झाली असती. या वेळी तुला गलती मेरी है म्हणायलाही तोंड नव्हतं. ते हॅलो हॅलो करायला लागले.

"न्हाई," मी म्हणालो. "त्यानं खोललं होतं. जोडलं म्या."

मग एकदा सुरू झालो तो थांबलोच नाही. चिंच सोडून सगळं सांगितलं. स्क्रू मिसळले होते, चकत्या नव्या आहेत, आणि पोर्ट ब्लेअरच्या खलाशाची बोटं जयवंतानं नाही, मी मोडली. मी धरून चाललो होतो, की ते आता रीळ परत मागतील आणि हे ओझं उतरेल. खरं सांगतो, मला तेच हवं होतं.

ते म्हणाले, ठीक आहे, रीळ पाठवू नको. तूच घेऊन ये. आना खुर्चीत बसेल तेव्हा बोटीवर तिच्या शेजारी तू बसायचं.

मी येतो म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर तुझ्या समुद्रावर हसलो जयवंता, आणि मला साधं पोहता येत नाही.